हाताला लागतील त्या

तिनं हात खांद्यापर्यंत पिंजऱ्यात घातला. दाराशी दाटलेल्या तलंगांनी, त्या तरण्या कोंबड्यांनी, मनगटावर चोची मारल्या. त्यांना सारत बोटं मागच्या जाळीला चिकटलेल्या एकीपर्यंत पोचली. तलंग ओरडलीसुद्धा नाही. बाहेर काढली तर हाताला वजनच लागेना, नुसती पिसांची पिशवी. तुरा धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा.

भावजयीनं पंख उलगडून धरला. सुई शिरेत गेली आणि नळीत रक्त चढलं. पातळ, पाणी घातल्यासारखं.

"एखादीच असेल गं अशी, ताई," धाकटा भाऊ म्हणाला.

तिनं दुसऱ्या पिंजऱ्यात हात घातला, मग तिसऱ्यात. मागची प्रत्येक तशीच.

दीड महिन्यापूर्वी याच शेडमध्ये तिनं रक्त काढलं होतं. पिंजऱ्यात पाच ठेवाव्यात की आठ, एवढंच भावाला रक्तावरून ठरवायचं होतं; आठ-आठ भरून बघितल्या होत्या. घाईघाईत हाताला लागतील त्या तिनं धरल्या. दाराशी येतात त्या दांडग्याच, दाण्यावर आधी तुटून पडणाऱ्या. तेव्हा भावजय म्हणाली होती, "वन्सं, मागच्याही बघा ना."

प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढलेली ती हसली होती. "अगं, कोंबड्यांच्यात काय ढ मुलांचा बाक असतो का मागं?"

भाऊही खो खो हसला होता. भावजय दाण्याची बादली उचलून निघून गेली होती. चार दिवसांनी कागद आला: आठ ठेवल्या तरी रक्त उत्तम. खाली तिची सही.

"चूक माझी आहे," ती आता म्हणाली. "आजच पाच-पाच करा. उरलेल्या खाली मोकळ्या सोडा."

भाऊ रागावेल असं तिला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. जाळीच्या दाराची कडी लावत, वर न बघता तो म्हणाला,

"तुझा कागद मी आणखी चौघा कोंबडीवाल्यांना दिलाय, ताई. माझ्या बहिणीनं काढलंय, डोळे झाकून विश्वास ठेवा म्हटलं."

"नंबर दे त्यांचे."

"उद्या बघू. असं एकदम काय सांगणार?"

भावजयीनं त्याच्या खिशातला फोन काढला, पहिला नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे शेडभर कलकलाट होता.

"कोण, ताई होय! अहो, तुमचे आभार मानायचेच राहिले. आठ चालतात म्हणालात ना, आम्ही दहा-दहा भरल्या. बोला ना, ताई."