आतल्या कडेचा आकडा

लाल शाईतला सात, पोटातून आडवी रेघ मारलेला — असा सात या गावात फक्त आर्लिस टॉर्विक काढायची, नॉर्वेहून आलेल्या तिच्या वडलांसारखा — आणि तो आत्ता, २००६ सालच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहाला, चार वर्षांच्या एका पोरीच्या हातातल्या गुरांच्या घंटेच्या आतल्या कडेवर दिसला, आणि घंटा कलली तसा दिसेनासा झाला.

७९.१४.३, नोंदवहीतला घंटेचा नंबर. एकोणऐंशी साली, ती या संग्रहालयात पहिल्यांदा आली त्या वर्षी, तिनंच तो बारीक कुंचल्यानं लिहिला होता. आतल्या बाजूला, बाहेरून दिसू नये म्हणून. नंबर असलेल्या वस्तूला पांढरे हातमोजे घातल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. नंबर नसलेलं काय ते मुलांच्या टोपलीत. डेसानं — नव्यानं लागलेल्या त्या सव्वीस वर्षांच्या मुलीनं — काचेतून काढून पुसायला ठेवलेली घंटा कोठीतल्या फळीवरून उचलली असणार, बाहेरून निरखून बघितली असणार, नंबर दिसला नाही म्हणून टाकली असणार टोपलीत. आत बघायचं तिला सुचलंच नाही. आत कोण बघतं...

आर्लिस दाराशी उभी राहिली. दोन वाक्यं पुरणार होती. गुरुवारचा लहान मुलांचा तास या महिन्यात दोघी आळीपाळीनं घेत होत्या, आणि तो कुणाकडे राहणार ते संचालक लिंडाल महिनाअखेर ठरवणार होते. आणि नंबरची वस्तू पोरांच्या हातात देणारीला विश्वस्त मंडळ एक आठवडासुद्धा ठेवणार नव्हतं. सत्तावीस वर्षं हा तास आर्लिसचा होता. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा तिनं तो चुकवला नव्हता — काळा कोट काढून खुंटीला टांगला होता, आणि मुलांसमोर उभी राहिली होती. हात खिशात, डोळे उघडे, असं ती मुलांना सांगायची, आणि मुलं खरोखर खिशात हात घालून रांगेनं तिच्या मागून यायची, पाद्र्यांच्या पोरांसारखी. हल्ली तिच्याकडे चार-पाच मुलं यायची. त्यांच्या कपड्यांना खिसेच नसायचे.

"अगं, तुझ्या दालनात धूळसुद्धा कंटाळली असेल," व्हर्ना परवा म्हणाली होती, लिंबाच्या वड्यांचा डबा पुढे करत. व्हर्ना तिकिटांवर बसायची, शाळेपासूनची मैत्रीण. "त्या डेसाकडे बघ जरा. जमिनीवर लोळते ती पोरांबरोबर."

"लोळायला काय, कुत्रंही लोळतं."

"हो, आणि पोरांना कुत्रं आवडतं, आर्लिस."

आता डेसा खरोखरच लोळत होती. गालिच्यावर पालथी, कोपर टेकून, मोज्याला भोक. अठरा मुलं... आर्लिसनं मोजली, मोजायची नव्हती तरी मोजली. एक जण घोड्याच्या नालाचा वास घेत होता. दोघी लोकर विंचरायच्या फण्यांवरून भांडत होत्या आणि डेसा त्यांना सोडवत नव्हती, उलट विचारत होती, "मेंढीला काय वाटलं असेल गं?" हे काय शिकवणं झालं? आणि तरी आर्लिसच्या छातीत काहीतरी आंबट, जुनं वर येत होतं — धाकटी बहीण वडलांच्या मांडीवर बसली की यायचं तेच, तसंच.

घंटेची गोष्ट तिला तोंडपाठ होती. बर्फाच्या वादळात हरवलेली मुलगी, गाईच्या गळ्यातल्या घंटेच्या मागोमाग घरी पोचलेली. "चांदीसारखा आवाज, मुलांनो," असं ती दर गुरुवारी काचेकडे बोट दाखवून सांगायची. मुलं ऐकायची. कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

पोरीनं घंटा हलवली.

खडखड... पत्र्याचा डबा पायऱ्यांवरून पडावा तसा. घोगरा, ओबडधोबड. आर्लिस दचकली. सत्तावीस वर्षांत तिनं ती एकदाही वाजवली नव्हती.

"ही माझ्या आजीच्या उंटाची!" पोरगी ओरडली. होदान तिचं नाव. तिचे आईवडील सोमालियातून आलेले, टर्की पक्षी कापायच्या कारखान्यात कामाला.

"तुझ्या आजीकडे उंट होता?" डेसा उठून बसली.

"तीन! त्यांची लाकडाची होती. आजी म्हणते उंट हरवला की कान जमिनीला लावायचा." आणि तिनं लावला. लगेच अठरा कान गालिच्याला लागले, एकोणिसावा डेसाचा.

"कसं चाललंय, आर्लिस?" लिंडाल मागे येऊन उभे होते, हातात कॉफीचा कप. "फारच गोंगाट आहे नाही? तुम्हांला काय वाटतं, खरं सांगा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

खरं. ते तिच्या जिभेवर होतं, पेपरमिंटच्या गोळीसारखं, आणि त्याची चव तिला आवडत होती, हे तिला कळत होतं. डेसानं वर बघितलं. तिच्या गालावर गालिच्याचे वळ उठले होते.

"बरं चाललंय," आर्लिस म्हणाली. "मुलांना आवडतंय."

मार्चमध्ये तो तास डेसाला मिळाला. दोन वर्षांनी ती शिकागोच्या मोठ्या संग्रहालयात गेली. नाताळला अजून तिचं पत्र येतं, खाली मुलांची चित्रं चिकटवलेलं. लिंडाल निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले आणि तिथंच वारले. व्हर्नाला ही गोष्ट आर्लिसनं कितीतरी वर्षांनी सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "तू चांगली म्हणून गप्प बसलीस, की घंटा फुटायची वाट बघत होतीस?"  व्हर्नाही आता नाही. होदान परिचारिका होणार आहे, आणि आर्लिसच्या वृद्धाश्रमात मंगळवारी शिकाऊ म्हणून येते, ब्याण्णव वर्षांच्या आर्लिसचा रक्तदाब बघते. घंटा तिला आठवत नाही. आर्लिसनं एकदा आडून विचारून बघितलं.

"म्युझियम? हो... तिथं एक गालिचा होता," होदान म्हणाली, पट्टा आवळत. "आजी, बोलू नका, आकडा चढतो."

आर्लिसच्या दंडात रक्त ठोकत असतं, आणि तिला वाटतं की डेसाचा हेवा कधीच संपला, कुठल्या साली ते आठवतसुद्धा नाही. या पोरीचा मात्र वाटतो... की हिनं ती घंटा हातात घेतली, कुणाची, कधीची, काही विचारलं नाही, वाजवली, आणि खुशाल विसरून गेली.