हिरवं दार

नाफ्तालीने उजव्या पायावर दुसरा मोजा चढवला आणि त्यावर बूट कोंबायला सुरुवात केली. बूट काही चढेना. त्याने टाच जमिनीवर आपटली.

केझिया दारात उभी राहून केसांना खोबरेल लावत होती.

"एका पायात दोन दोन मोजे? अहो, नऊ वाजले नाहीत तर वाळू भाजायला लागलीय. अख्ख्या टेकोवात आज बूट फक्त तुमच्या पायात."

"मिशनचे अध्यक्ष येतायत. मंडळीच्या वडिलानं अनवाणी जायचं?"

"गेल्या शब्बाथला तर तुम्हीच सांगत होतात, देव माणसाचे पाय बघत नाही म्हणून."

"देव बघत नाही गं. अध्यक्ष बघतात."

केझिया हसली आणि आत गेली. नाफ्तालीने मग जोर लावून बूट ओढला. दोन मोज्यांच्या आत अंगठ्यापासून टाचेपर्यंत त्याचा पाय हिरवागार होता.

शुक्रवारचा सूर्य मावळला की टेकोवात शब्बाथ लागतो. तेव्हापासून शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत हातोडा उचलायचा नाही, जाळं टाकायचं नाही, चूलही पेटवायची नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, म्हणून नाफ्ताली एकोणीस वर्षं ते व्यासपीठावरून सांगत आला होता. काल सूर्य मारोवोच्या खाडीपलीकडे बुडाला तेव्हा चर्चचं दार अर्धं हिरवं आणि अर्धं उघडं लाकूड होतं. अध्यक्षांना अर्धं दार दाखवायचं? आभाळात अजून उजेड आहे, अशी स्वतःची समजूत घालत तो ब्रश फिरवत राहिला. घाईघाईत डबा पायावर उलटला. साबणाने रंग हलला नाही. रॉकेल दुकानात संपलं होतं. उरलेलं होतं जोबेच्या होडीघरात, आणि जोबेच्या दारात जायची सोय नव्हती.

जोबे केझियाचा धाकटा भाऊ. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि मासे घेऊन तो किनाऱ्याला लागला तो शुक्रवारचा सूर्य मावळल्यावर. मासे नासू नयेत म्हणून त्याने तिथेच बसून ते साफ केले. नाफ्तालीने त्याला भर सभेत उभं केलं आणि प्रभुभोजनाची भाकर वाटण्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. तेव्हापासून जोबे मागच्या बाकावर बसे आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जाई. त्यानंतरचं पहिलं प्रभुभोजन आज होतं.

आणि प्रभुभोजनाआधी पाय धुण्याचा विधी. बायका चर्चमध्ये, पुरुष शाळेच्या पडवीत. दोघादोघांनी जोडी करायची आणि एकमेकांचे पाय धुवायचे. नाफ्तालीची यात एक रीत ठरून गेली होती. सगळ्यात मोठ्या पाहुण्यासमोर तो गुडघे टेकी, लांबलचक प्रार्थना करत पाय धुई आणि स्वतःची पाळी आली की "जरा भाकर बघून येतो," म्हणून उठे. एकोणीस वर्षांत त्याचे पाय कुणी धुतले नव्हते. हे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, असं त्याला वाटत असे.

मिशनचे अध्यक्ष पाळक रोव होडीतून उतरले ते चपला हातात घेऊन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. गडी धिप्पाड होता. पडवीत सगळे जमले तेव्हा नाफ्ताली चकचकीत घासलेलं घमेलं घेऊन त्यांच्यापुढे गेला. काखेत गरम पाण्याचा थर्मासही होता.

"पाळकसाहेब, आपली सेवा..."

"मला लिलो आजोबांनी धरलंय," रोव म्हणाले. "होडीतून उतरल्या उतरल्याच."

म्हातारा लिलो बाकावर पाय पसरून बसला होता. तोंडात दात नव्हते, पण हसू कानापर्यंत गेलं होतं.

"उशीर केलास, नाफ्ताली!"

"तो तिकडे एकटाच बसलाय बघा," रोव म्हणाले.

कोपऱ्यात जोबे बसला होता. सगळी पडवी बघत होती. नाफ्ताली घमेलं घेऊन कोपऱ्यात गेला.

त्याने जोबेचे पाय धुतले. मीठ-उन्हाने चिरलेले पाय होते ते. आज प्रार्थना आखूड झाली. टॉवेल घडी करून तो उठू लागला.

"जरा भाकर बघून..."

"बसा, दाजी. भाकर कुठं पळून जात नाही." जोबेने घमेलं आपल्याकडे ओढलं. "अर्धाच विधी करून चालत नाही. तुम्हीच सांगता."

नाफ्ताली बसला. जोबेने बूट काढला, एक मोजा काढला.

"आत अजून एक आहे? थंडी वाजते का?"

दुसरा मोजा उतरला आणि जोबेचे हात थांबले. त्याने पायाकडे पाहिलं. मग मान वळवून मैदानापलीकडच्या दाराकडे पाहिलं. उन्हात दार झळकत होतं. नाफ्तालीची नजर जोबेच्या तोंडावर खिळली. पाच पावलांवर अध्यक्ष होते. एक शब्द मोठ्याने बोलला असता तरी पुरे होतं.

"कधी संपवलंत?" जोबेने हळूच विचारलं.

"उजेड होता अजून..." नाफ्ताली थांबला. "नाही. सूर्य बुडाला होता."

"हं. माशांनाही नासायला नेमकी तीच वेळ सापडते."

त्याने टॉवेल उलगडून पायावर पसरला आणि आतून हात घालून घासू लागला.

"साबणानं नाही जायचा हा. काल रॉकेल मागितलं असतं तर दिलं असतं की."

नाफ्तालीने टॉवेलची कड घोट्याभोवती ओढून घेतली.

"काय रे, एवढं काय घासतोस?" लिलो ओरडला. "वडिलांच्या पायाला काय चिकटलंय?"

"जुने पाय आहेत, आजोबा. वेळ लागतो."

पाय पुसून झाल्यावर जोबेने मोजे झटकले आणि त्याच्या हातात दिले.

"घाला. वाट बघत असतील."

तो चर्चमधल्या आपल्या मागच्या बाकाकडे निघून गेला. नाफ्ताली मोजे हातात घेऊन बसून राहिला.

चर्चमध्ये गीत संपत आलं होतं. नाफ्ताली आत आला तेव्हा पुढच्या सतरंजीवरची पोरं आधी कुजबुजली, मग एकमेकांना कोपरं मारू लागली. बायकांच्या बाजूला केझियाचा पंखा थांबला. वडील अनवाणी होते. उजवं पाऊल हिरवं होतं. टेबलावरची बेखमीर भाकरीची थाळी त्याने उचलली. थाळी घ्यायला ठरलेला माणूस उभा राहिला होता. त्याच्या समोरून तो पुढे गेला, मधल्या वाटेने सरळ मागच्या बाकापर्यंत, आणि थाळी जोबेच्या हातात दिली.

जोबेने ती घेतली. खोकून घसा साफ केला आणि वाटायला निघाला.

उपासना सुटल्यावर पाळक रोव दारात थांबले. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं.

"सुरेख रंगवलंय. पण खालच्या कोपऱ्यात लाकूड दिसतंय. अजून एक हात द्यायला हवा."

मंडळीतले सगळे एकदम माडांकडे बघू लागले.

"उद्या देतो," नाफ्ताली म्हणाला. "उजेडात."