टाकीवरचं झाकण

घड्याळजीच्या घरात दोनच गोष्टी बिनचूक चालत, भिंतीवरचं घड्याळ आणि टाकीचे नियम. छपरावरचं पाणी स्वयंपाकघराच्या फरशीखालच्या टाकीत साठायचं आणि नळ आटले की तेच घराला पुरायचं. म्हणून ढग दिसले की शिडी बाहेर, झाकण बंद, आणि पाऊस पडत असताना झाकणाला कुणी हात लावायचा नाही. उजेड शिरला की शेवाळ धरतं! मागे बायकोने नुसतं डोकावून पाहिलं, तर पठ्ठ्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

आज तो टाकीच्या आतल्या, झाकणातून न दिसणाऱ्या कप्प्यात शिरून गाळ खरवडत होता. ब्रशच्या खरखरीत बायकोची हाक त्याच्या कानावर गेलीच नाही. आभाळ भरून आलं होतं. तिला वाटलं, स्वारी काम आटोपून दुकानात गेली. तिने मुकाट्याने शिडी ओढून घेतली आणि झाकण घट्ट बसवलं.

तो रांगत बाहेरच्या कप्प्यात आला तर मिट्ट काळोख. हात उंच केले तरी झाकण लागेना. त्याने हाक मारली, मग आरडाओरडा केला. तेवढ्यात छपराचा पाइप धो धो कोसळू लागला आणि त्यात त्याचा आवाज बुडून गेला. झाकणाला रबर त्यानेच बसवलं होतं, केसाएवढी फट राहू नये म्हणून. हौसेने!

पाणी गुडघ्यांवर आलं, मग कमरेवर. त्याची पाचावर धारण बसली. ओरडून ओरडून घसा पार बसला. डोक्यावर बायकोची आणि आईची पावलं वाजत होती, रोजच्यासारखी. स्वयंपाकघरातल्या हातपंपाचा टाकीत उतरलेला पाइप चाचपडत सापडला, तसा तो त्यावर ब्रशची मूठ आपटत सुटला.

सर जरा ओसरली तेव्हा वरून बोलणं ऐकू आलं.

"आई, पंपात काहीतरी ठकठक होतंय."

"होऊ दे. उघडू नकोस बाई. तो आला की तुझी खैर नाही." त्याची आई जरा थांबून म्हणाली, "आणि माझीही."

त्याने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. छातीपर्यंत पाण्यात उभा, आणि घशाला कोरड. उघड गं, एकदा उघड, तो मनात म्हणत राहिला. छपराचा पाइप पुन्हा वाहू लागला.

"मी बघतेच," बायको म्हणाली. "बोलतील तेव्हा बोलतील."

झाकण सरकलं. उजेडात तिचा चेहरा दिसला. तिने खाली पाहिलं, पाण्यात उभा नवरा पाहिला आणि ती पांढरीफटक पडली.

"मी तुम्ही सांगितलंत तसंच केलं हो," ती घाईघाईने म्हणाली. "नियमाप्रमाणेच काढली शिडी."

त्याने दोन्ही हात वर केले. शिडी तिच्या मागेच भिंतीला टेकलेली होती. पण बायको जागची हलली नाही. आधी त्याचं ओरडून होऊ दे, म्हणून ती मान खाली घालून वाट बघत उभी होती.