कपाळावरचे बाबा

वर्कशॉपमधली सगळी मशिनं बंद ठेवून माणसं दाटीवाटीने उभी होती. ठिणगीबाबा आले होते. वेल्डिंगचं हेल्मेट एका हातात उंच धरून, दुसरा हात शालीत ठेवून ते हेल्मेटला म्हणाले, "डोळा मीट." हेल्मेटची फिकट काच क्षणात काळीकुट्ट झाली. आमच्या हेल्मेटची काच ठिणगी पडली तरच काळी व्हायची, बाबांची नुसत्या शब्दावर. मग काय, माणसं पायावर लोळायचीच बाकी राहिली.

बाबांनी उपायही सांगितला. त्यांच्या फोटोचा स्टिकर हेल्मेटच्या कपाळावर, काचेला अगदी खेटून लावायचा. काच जन्मभर दगा देणार नाही.

मी लेथवरचा माणूस, मी हसलो. पण वीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या भाऊजींनी पहिला स्टिकर लावला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची काच कधी मिटून काळी व्हायची, कधी नाही. बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडतेय, आणखी एक लावा. तो लावल्यावर काच मिटेचना. भाऊजींचे डोळे लाल झाले, समोर काळे ठिपके नाचू लागले, ताटातली भाकरी ते चाचपडत शोधू लागले. डॉक्टरांनी काम बंद करायला लावलं. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

माझी ताई, भाऊजींची बायको, शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या वेळी बाबा आले तेव्हा ती भाऊजींचं हेल्मेट घेऊन पुढे गेली. "बाबा, दोन्ही हात वर करून म्हणा बघू."

बाबा म्हणाले, मंत्राला मुद्रा लागते. ताईने शाल ओढली. आतून टीव्हीचा रिमोट पडला.

तिने तो उचलून बाबांच्या हेल्मेटवर रोखला. काच काळी झाली, मंत्राशिवाय. मग तिने भाऊजींच्या हेल्मेटवरचे स्टिकर नखाने खरवडले. खाली चार बारीक सेन्सर होते. "हे प्रकाश ओळखतात. रिमोटचा न दिसणारा प्रकाशसुद्धा. पहिल्या फोटोने दोन झाकले, दुसऱ्याने उरलेले दोन."

गर्दीतून एकाने विचारलं, फोटो मागच्या बाजूला लावला तर चालेल का?

काळा चष्मा लावून बसलेले भाऊजी उठले. "घेताना सेन्सर मोजा. करंट बघून शेड, म्हणजे काच किती काळी व्हावी ते, लावा. बॅटरी तपासा, काच पुसा, काम सुरू करायच्या आधी समोर लायटर पेटवून काच काळी होते का बघा. आणि कोणी श्रद्धा ठेव म्हणालं, तर आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघा. मी बघितलं नाही."