चार दिवस खोटे बोललेली फळी

मी एक जुनी, ताठ आणि बहुतेकांना नकोशी वाटणारी फळी आहे. मित्रांनो, तुम्ही कधी थीम पार्कमध्ये गेला असाल, तर मला पाहिले असेल. लक्षात मात्र ठेवले नसेल. सुरवंटाच्या आकाराची लहान मुलांची एक रोलर कोस्टर आहे, तिच्या फाटकाशी मी उभी असते. माझ्या अंगावर एक आडवी लाल रेषा आहे. जमिनीपासून नव्वद सेंटिमीटर. ज्याचे डोके त्या रेषेला लागते, तो गाडीत बसतो. ज्याचे लागत नाही, तो रडतो.

त्या रडण्यात माझे सारे आयुष्य गेले आहे, आणि मी त्याची क्षमा मागणार नाही.

एका मोडलेल्या दारातून सुतारदादांनी मला काढले. दार असताना मी उघडत होते, मिटत होते. फळी झाल्यावर मला एकच स्थिती उरली. रंधा फिरवून झाल्यावर त्यांनी मला सिमेंटच्या फरशीवर उभे केले आणि लाल रेषेची जागा तीनदा मोजली. कुणीतरी हसले, तेव्हा ते म्हणाले, "खुर्ची डुगडुगली तर माणूस शिव्या देतो. ही चुकली तर शिव्या द्यायलासुद्धा कुणी उरायचं नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. सुरवंटाच्या प्रत्येक डब्यात मांडीवर येणारा एक दांडा आहे. तो एका ठरावीक जागी येऊन अडकतो, त्याहून खाली उतरत नाही. त्या जागेसाठी पुरेसे मोठे नसलेले बाळ आणि तो दांडा यांच्यामध्ये एक पोकळी उरते. गाडी वळली की बाळ त्या पोकळीतून खाली घसरू शकते. ती पोकळी माझ्या रेषेमागे दडलेली आहे. लोकांना फक्त रेषा दिसते.

वीस वर्षांत मी काय काय ऐकले! "लाकडाला काय कळतंय?", "एका केसानं राहिलं हो!", "इतक्या लांबून आलोय आम्ही!" बापांनी पोरांना जाड तळव्यांचे बूट घालून आणले. आयांनी टाळूवर शेंड्या बांधल्या. एका आजोबांनी तर नातवाच्या टोपीत रुमाल कोंबला होता. मी कुणालाही बधले नाही. माझा रंग उडाला, मधल्या भागात चिकट हातांचे तेलकट डाग पडले. कडेने एक चीर गेली, तिच्यात बिस्किटाचा चुरा साठतो. कौतुक वाट्याला आले ते वर्षाआड. मागच्या खेपेस रडून गेलेले एखादे पोर परत येई, डोके टेकवी, आणि रेषा त्याच्या केसांत बुडे. त्या क्षणी घरची सगळी माणसे टाळ्या वाजवत. टाळ्या त्या पोरासाठी असत. तरीही माझ्या चिरेपर्यंत काहीतरी थरथरत जाई.

गाडी चालवणारे चालककाका मला "बाई" म्हणत. पालक भांडू लागले की ते हात वर करत. "माझ्याशी नका भांडू, ताई. माझ्या हातात काही नाही. ही बाई ठरवते." माझ्या आड उभे राहून त्यांनी हजारदा नकार दिला. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता, की हळूहळू त्यांनी मुलांकडे पाहणे सोडले आणि फक्त रेषेकडे पाहू लागले. विश्वासाची हीच बाजू धोक्याची असते, हे मला फार उशिरा उमगले.

यंदा नवे पर्यवेक्षक आले. माणूस वाईट नव्हता. रांगेत धावताना एका बाळाचा गुडघा फुटलेला त्यांनी पाहिला आणि सोमवारी, पार्क बंद असताना, रांगेच्या साऱ्या वाटेवर निळ्या रबरी गाद्या बसवून घेतल्या. चार सेंटिमीटर जाड, मऊ, सुंदर. कामगारांनी त्या अगदी माझ्या पायापर्यंत चिकटवल्या. रेषा होती तिथेच राहिली. जमीन वर आली.

मंगळवारी पार्क उघडले आणि मी खोटे बोलू लागले.

मित्रांनो, लाकडाला ओरडता येत नाही. ज्यांना मी कालपर्यंत परत पाठवले असते, ती मुले माझ्या साक्षीने आत गेली. काका रेषा पाहत होते आणि "लागलं, या!" म्हणत होते. गुरुवारी एक मुलगा खाली उतरला तो पांढराफटक. त्याचा सदरा काखेपर्यंत वर सरकला होता. त्याचे वडील म्हणाले, "घाबरलाय थोडा." तो घाबरला नव्हता. तो घसरला होता. शेजारी बसलेल्या आजीने वेळेवर त्याचा दंड धरला होता, आणि आजीलाही वाटले की आपण उगीचच घाबरलो.

शुक्रवारी दुपारी एक कुटुंब माझ्यासमोर आले. बाबा, आई, आत्या आणि बाबांच्या कडेवर अडीच वर्षांची ढमी. हे तिचे लाडाचे नाव.

"टेक गं ढमे डोकं," बाबांनी तिला गादीवर उभे केले.

काका वाकले. "लागलं! या, या, आत या."

"बघितलंस वहिनी?" आत्याने लगेच संधी साधली. "आमच्या घराण्यात बुटकं कुणी नाहीच. जे काही असेल ते तुझ्याकडचं."

आई हसली नाही. "थांबा जरा. परवाच हिचं माप घेतलंय मी. सत्त्याऐंशी."

"वाढली असेल," बाबा म्हणाले.

"दोन दिवसांत तीन सेंटिमीटर? मग शिवलेला फ्रॉक आत्ताच उसवायला घेते."

आई लहान मुलांचे कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करत होती. तिथे कपड्यांचे नंबर मुलांच्या उंचीवरून ठरत. टेप तिच्या पर्समध्ये कायम असे.

"ताई, ही फळी वीस वर्षांची आहे," काका म्हणाले. "ती चुकत नाही."

"माझी टेपही चुकत नाही, काका."

ती गुडघ्यांवर बसली, टेप सेंटिमीटरच्या बाजूने उलटी केली आणि लाल रेषेपासून खाली सोडली. वीस वर्षांत कुणी मला मोजले नव्हते. सगळे माझ्या मापाने मोजत होते.

"शहाऐंशी," ती म्हणाली. मग तिने अंगठ्याने गादी दाबून पाहिली. "ही कधी घातली?"

"सोमवारी..." काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोरून चार दिवसांची मुले जाताना मला दिसली.

मागून आवाज येऊ लागले. "अहो बाई, एवढीशी तर गाडी आहे!" "बसू द्या की पोरीला!" "आमचा नंबर काय उद्या येणार का?"

गोंधळ ऐकून पर्यवेक्षक आले. त्यांनी ऐकून घेतले आणि घड्याळ पाहिले. "तीन-चार सेंटिमीटरनी काय आभाळ कोसळतंय? पार्क बंद झालं की बघू. आता गाडी सोडा."

आई ढमीला कडेवर घेऊन फाटकातच उभी राहिली. काकांनी यंत्राच्या पेटीतून चावी काढली आणि खिशात टाकली. सुरवंट जागच्या जागी मुका झाला.

"नोकरी करायचीय ना?" पर्यवेक्षकांनी हळू आवाजात विचारले.

"करायचीय साहेब. म्हणूनच काढली."

"वहिनी, तू पोरीला सांभाळ," आत्या बाह्या सरसावून पुढे झाली. "यांच्याशी मी बोलते. साहेब, घरी लहान मूल आहे का तुमच्या? मग आणा ते. पहिलं त्याला बसवा. आम्ही इथेच उभे आहोत टाळ्या वाजवायला."

पर्यवेक्षक स्वतःच आणलेल्या त्या निळ्या मऊपणाकडे पाहू लागले. फुटलेला गुडघा त्यांना आठवत असावा. चूक मायेतून झाली असली की ती मान्य करणे अधिक जड जाते. अखेर ते म्हणाले, "दुरुस्तीच्या खोलीतून पातं घेऊन या."

काकांनी स्वतः गुडघे टेकले आणि माझ्या पायाशी रबराचा एक चौकोन कापून काढला. खालचे जुने, करडे, खरबरीत सिमेंट उघडे पडले. त्यावर ढमीला उभे केले. डोके रेषेच्या दोन बोटे खाली.

"नाही, ढमे," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी."

ढमी सर्वांगाने रडली. मग तिने मला लाथ मारली; आधी एका पायाने, मग दुसऱ्याने. ती लाथ मी मोठ्या मानाने सोसली. रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी कुणी न सांगता आपल्या नातवाला चौकोनात उभे केले, निमूट उचलले आणि संथ फिरणाऱ्या लाकडी घोड्यांकडे नेले.

आता म्हणे मला काढून माझ्या जागी हसऱ्या जिराफाचे चित्र लावणार आहेत. माझ्यामुळे मुले हिरमुसतात, पार्कची शोभा जाते. खुशाल लावा. त्या जिराफाला हसता हसता "नाही" म्हणता आले, तर मी आनंदाने चुलीत जाईन. पण रडणाऱ्या लेकराची, चिडलेल्या बापाची किंवा तुंबलेल्या रांगेची भीड धरून जर त्याची रेषा एका बोटानेही खाली सरकली, तर मित्रांनो, सांगून ठेवते, मी अडगळीतूनही त्याला माझा वारस म्हणणार नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणीतरी असेल. सगळे "जाऊ दे" म्हणत असताना आडवे उभे राहणारे, सणावाराच्या फोटोत तोंड वाकडे दिसणारे. त्याच्यावर रागवा, रुसा, लाथही मारा. तेवढे बळ त्याच्यात असते. मलाही रंग नको, हार नको, माझ्या चिरेतला चुरा कुणी काढला नाही तरी चालेल. निगा राखायचीच असेल, तर इतकीच राखा: माझ्या पायाशी काहीही अंथरू नका.