माझ्या पोटावरचा पोचा

मित्रांनो, आलाच आहात तर आधी माझ्या डाव्या कुशीचा पोचा बघून घ्या. लाजू नका, मीही आता लाजत नाही. मी दोनशे लिटरचा जुना लोखंडी ड्रम आहे. आज येणारे-जाणारे या पोच्याला हात लावतात, पण एके काळी याच्याच पायी मला कुणी दारात उभं करत नव्हतं.

कारखान्यात सपाट पत्रा वाकवून मला गोल केलं, तळ जोडला, निळा रंग दिला. काय रुबाब होता माझा! यंत्राचं तेल भरून पहिल्याच प्रवासाला निघालो आणि उतरवताना दोघांच्या हातून निसटलो. तेलाचा थेंब सांडला नाही, पण कूस आत गेली. "हा गेला कामातून," असं म्हणून तेल संपताच मला कुंपणाशी टाकून दिलं. दोन वर्षं मी तिथे उन्हात तापत पडलो होतो. फार वाईट वाटायचं हो!

मग कुंपणापलीकडच्या माळावर वीज केंद्र उभारायचं ठरलं. अजून एक दिवासुद्धा पेटला नव्हता, पण कचरा मात्र आधीच हजर! खोकी, मोडक्या फळ्या, रिकाम्या गोण्या, तेलकट चिंध्या, रंगाचे डबे. हे सगळं सांभाळायला एक ताई नेमल्या होत्या. चांगल्या इंजिनीअर होत्या, तरी लोक त्यांना हसून 'कचरेवाल्या ताई' म्हणत. त्या चिडत नसत. "आत्ताच सवय लागली तर लागली. केंद्र सुरू झाल्यावर कोण ऐकतंय माझं?" असं म्हणून कामाला लागत.

त्यांनीच मला कुंपणापासून उचलून आणलं. वाकून तळ तपासला आणि म्हणाल्या, "गळत नाहीस ना? मग झालं तर!" दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझ्याशी बोललं होतं.

मला रंगकामाच्या शेडबाहेर जागा मिळाली. माझ्या पोटात घातक कचरा, म्हणजे थिनरने भिजलेल्या चिंध्या आणि रंगाचा गाळ. तो बंद गाडीतून दूर जायचा, अशा कचऱ्याची नीट विल्हेवाट लावतात तिथे. शेजारच्या ड्रममध्ये साधा कचरा. त्यातलं कोरडं लाकूड कॅंटीनच्या मावशी पाणी तापवायला न्यायच्या. दोनशे माणसांचा चहा त्यांच्या चुलीवर व्हायचा.

ताईंनी रंगारीकाकांना सांगितलं, घातक कचऱ्याचा ड्रम लाल रंगवा, साध्याचा हिरवा. काकांनी नुसती झाकणं रंगवली. "माणूस कचरा टाकताना वरूनच बघतो. पोटाला रंग फासून काय उपयोग?" ताईंनाही ते पटलं. खरं सांगतो, मलाही पटलं होतं.

एका सकाळी काकांनी दोन्ही झाकणं घासूनपुसून उन्हात वाळत घातली आणि बोलता बोलता परत लावली. लाल शेजाऱ्याला, हिरवं मला! घ्या आता! दुपारपर्यंत लोकांनी माझ्या चिंध्यांवर फळ्यांचे तुकडे टाकले. मी आतून नुसता तडफडत होतो, पण ड्रमला कुठलं आलंय तोंड?

तेवढ्यात मावशी टोपली घेऊन आल्या. दोन दिवस सर्दीने त्यांचं नाक चोंदलं होतं. वास कसला येणार! त्यांनी हिरवं झाकण उघडलं, टोपली भरली, चूल पेटवायला बऱ्या म्हणून दोन चिंध्याही घेतल्या आणि झाकण लावून निघून गेल्या. त्या चिंध्यांना नुसती ठिणगी पुरे होती.

इतक्यात ताई फेरीवर आल्या. पुढे गेल्या, थबकल्या, माघारी वळल्या.

"अहो काका, हा पोचेवाला हिरव्या झाकणात कसा?"

काकांनी झाकण उचललं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मावशी आत्ताच टोपली भरून गेल्या!"

ताई धावत सुटल्या. "मावशी, काडी ओढू नका! ओढू नका!" मग सगळं शांत. तेवढा वेळ मला कुंपणाजवळच्या दोन वर्षांपेक्षा लांब वाटला. आणि मग कॅंटीनमधून एक दणदणीत शिंक ऐकू आली.

"अगं बाई, केवढ्याने ओरडतेस! ओढायच्या आधीच काडी पडली ना हातातली!"

माझ्या जिवात जीव आला. काकांनी आधी दोन्ही झाकणं बदलून जागच्या जागी लावली. "पोटाला रंग लावायचा कंटाळा माझाच," म्हणाले.

"आणि हो म्हणाले ती मी," धापा टाकत परत आलेल्या ताई म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी काकांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत रंगवलं. मला लालभडक, शेजाऱ्याला हिरवागार. ताईंनी माझा पोचा ठोकून सरळ करू दिला नाही.

आता मी फाटकापाशी उभा असतो. केंद्राच्या भिंती चढू लागल्या आहेत. नवा कामगार आला, की ताई त्याला आधी माझ्याकडे आणतात. आता त्यांना ताई म्हणतात, नुसतं ताई. मावशीही सकाळी जाता जाता पोच्यावर थाप मारतात. "काय रे, बरा आहेस ना?"

मित्रांनो, तुमच्या घरीही संपलेले सेल असतील, रंगाचा उरलेला डबा असेल, फुटलेली काच असेल. साध्या कचऱ्यात ते टाकण्याआधी जरा थांबा. तुमचा हात बाहेर निघाला, की त्या डब्यात दुसऱ्या कुणाचा तरी हात जाणार असतो. आणि तो बहुधा तुमच्यासाठी चहा करणाऱ्या मावशींचाच असतो.