वळणावरचं नारिंगी पिंप

मी शर्यतींच्या वेळी तलावाच्या मधोमध तरंगणारं पिंप बोलतोय. दचकू नका. रिकामं भांडं जास्त वाजतं असं तुम्हीच म्हणता, मग एवढं ऐकून घ्या.

माझी पहिली नोकरी लाँड्रीत झाली. पोटात साबणाचं पाणी घेऊन मी कोपऱ्यात उभा असायचो. साबण संपला तसा मालकाने मला मागच्या अंगणात लोटलं. झाकण तेवढं घट्ट राहिलं हे माझं नशीब, नाहीतर पुढे तरंगायच्या ऐवजी मी तळ गाठला असता.

तलावाच्या एका काठाला जुनी गिरणी आहे, दुसऱ्याला पूल. दोन्हीकडे शिडाच्या होड्यांचा एकेक क्लब. हंगाम संपला की दोघेही शिडं घडी घालून ठेवून द्यायचे. एका वर्षी सगळं आवरून झाल्यावर असा काही वारा सुटला की दोन्ही काठांवर कुणाला राहवेना. होड्या परत पाण्यात आल्या. वळण घ्यायला मध्ये खूण हवी, म्हणून पुलाकडच्यांनी मला लाँड्रीतून उचलून आणलं आणि गिरणीकडच्यांनी नांगर म्हणून जात्याचा फुटका दगड दिला. तेव्हापासून मी दोघांचा. लोकांनी मला पिंपोबा म्हणायला सुरुवात केली आणि त्या शर्यतींना नाव पडलं ‘शिळ्या वाऱ्याच्या शर्यती’.

यात चषक वगैरे नाही. जो क्लब हरेल त्याने वर्षभर मला सांभाळायचं, माझं शेवाळ खरवडायचं, मला नारिंगी रंग द्यायचा. दुसरा नियम असा की वळताना ज्याची होडी मला लागेल, त्याने तिथल्या तिथे होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग पुढे जायचं. पंच नाही. लागलं की नाही, हे ज्याचं त्याने सांगायचं. मला चांगलं घासून, आभाळाकडे बघत निघून गेलेले महाभाग मी पुष्कळ पाहिलेत. नावं घेत नाही, मंडळी तशी चांगली आहेत.

गिरणीकडच्या घड्याळजीचा मात्र मला कधी स्पर्शसुद्धा झाला नाही. हातभर अंतर ठेवून तो अलगद वळायचा. त्याची लेक लहानपणापासून होडीत पुढे बसून छोटं शीड सांभाळायची. मग तिचं लग्न झालं, ती पुलाकडे गेली आणि त्यांच्या क्लबची झाली. घड्याळजी एकटाच होडी चालवू लागला. लेकीच्या होडीत आता जावई बसतो. त्याला शिडातलं काही गम्य नाही, वजन म्हणून तो उत्तम आहे.

पुलाकडचे कधीच जिंकले नव्हते. मला रंगवून रंगवून त्यांचे ब्रश झिजले. यंदा मात्र दोन्ही क्लब बरोबरीत आले आणि शेवटची शर्यत उरली बाप आणि लेक यांच्यात. इकडे मला रंग द्यायचं काम ‘आज करू, उद्या करू’ म्हणत राहूनच गेलं होतं. शेवाळाने मी पाण्यात दिसेनासा झालो, तेव्हा लेकीने आदल्या संध्याकाळी मला बाहेर काढून रंगवायला घेतलं. घड्याळजी बघायला आला. त्याने बोट लावलं.

“ओला आहे गं.”

“वाळेल सकाळपर्यंत.”

“या गारठ्यात? रंगाला वेळ द्यावा लागतो.”

“बाबा, ते राहू दे. उद्या तुम्ही मला जिंकू देणार, असं सगळे म्हणतायत. तसं केलंत ना, तर मी परत तुमच्याशी शर्यत लावणार नाही.”

“लोकांच्या सोयीने मी घड्याळं पुढेमागे करत नाही. होडी कशाला करीन?”

दुसऱ्या दिवशी मला परत पाण्यात सोडलं. वारा मनासारखा होता. शेवटच्या वळणाला घड्याळजी पुढे, लेक जरा मागे. तो नेहमीसारखा वळला आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक उलटी आली. त्याची होडी सरकली आणि मला हलकेच घासून गेली. आवाजसुद्धा झाला नाही. लेकीच्या समोर तिचंच शीड आडवं होतं आणि काठावरून एवढं बारीक कुणाला दिसतंय? घड्याळजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने सुकाणू दाबलं आणि शांतपणे एक पूर्ण गिरकी घेतली. लेक बाजूने निघून गेली. पुलाकडचे जिंकले.

शर्यती संपल्या तसं लगोलग मलाही काठावर आणलं, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलं. पुलाकडचे नाचत होते आणि लेकीचे डोळे भरले होते.

“मुद्दाम सोडलीत ना, बाबा?”

“पिंपाला लागली होडी.”

“तुमची? आजवर कधी लागली नाही ती आजच लागली? कुणी पाहिलं?”

“पिंपाने.”

मला फार वाईट वाटलं. खरं माहीत असून तोंड नसणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. ती पाठ फिरवून निघाली. इतक्यात जावयाने सासऱ्यांची होडी वर ढकलायला खांदा लावला आणि सरळ झाला, तर त्याचा पांढरा स्वेटर खांद्यापासून कोपरापर्यंत नारिंगी.

“अगं, हे काय लागलं मला?”

लेक मागे आली. होडीच्या कडेला लांबलचक नारिंगी पट्टा होता. तिने बोट लावलं, बोट रंगलं. तिथेच खाली बसून ती हसायला लागली आणि हसता हसता रडली.

“म्हणजे मी खरंच जिंकले?”

“तरी सांगत होतो,” घड्याळजी म्हणाला, “रंग वाळू द्यावा.”

हल्ली मी त्याच्या शेडमध्ये असतो. गिरणीकडचे पहिल्यांदाच हरले, तेव्हा मला रंगवायची पाळी त्यांची. तो पातळ हात देतो, नीट वाळू देतो, मगच दुसरा हात. सुट्टीच्या दिवशी लेकही ब्रश घेऊन येते आणि दोघं हळू कोण, धांदरट कोण यावरून भांडतात. शेजारीच त्याची होडी उलटी ठेवलेली आहे. तिचं सगळं अंग त्याने घासून लख्ख केलंय, नारिंगी पट्टा तेवढा ठेवलाय.

मी सुखात आहे. फक्त एक मागणं आहे. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी घड्याळजीची नजर चुकवून कुणीतरी माझ्यावरून रंगाचा एक ओला हात फिरवा. मला बोलायला तेवढंच तोंड आहे.